अग्निगोलाला दुसरा साक्षीदार

आमच्या गच्चीवर एक कॅमेरा आहे. तो फाटकाकडे बघत नाही, रस्त्याकडे बघत नाही, सरळ आभाळाकडे तोंड करून बसलेला असतो. समोरच्या बंगल्यातले गृहस्थ मला अधूनमधून सुचवतात, "बाई, तुम्ही एकट्या राहता. तो जरा खाली वळवून घ्या की. चोर काय आभाळातून उतरणार आहे?" एकटी बाई दिसली की डहाणूत सल्ल्यांना तोटा नाही. मी "बघते हं" म्हणते आणि आत जाते.

कॅमेरा माझ्या नवऱ्यानं बसवला. रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी झालेला माणूस. जन्मभर रुळावरचे दिवे बघितले, निवृत्त झाल्यावर वरचे दिवे बघायला लागला. उल्कांवर काम करणारी काही शास्त्रज्ञ मंडळी ठिकठिकाणी असे कॅमेरे देत होती, त्यांतला एक यांनी पत्रव्यवहार करून मिळवला. मी म्हणायचे, लोकांचे नवरे निवृत्त झाले की देवळात जाऊन बसतात, आमचे गच्चीत. त्यावर ते म्हणायचे, "देवळातला देव जागेवर असतो गं. याची वाट बघावी लागते."

वाट कशाची, तर अग्निगोलाची. साधी उल्का वाळूच्या कणाएवढी असते, ती वरच जळून जाते. पण कधीतरी एखादा मोठा धोंडा येतो, शुक्रापेक्षाही झगझगीत होऊन फुटतो आणि त्याचे उरलेसुरले तुकडे जमिनीवर पोचतात. त्या तुकड्याला अशनी म्हणतात. तो कुठे पडला असेल, आणि सूर्याभोवती कुठल्या वाटेनं फिरत इथवर आला, हे गणितानं काढता येतं. फक्त त्याला दोन ठिकाणांहून बघितलेलं असावं लागतं. एकाच ठिकाणाहून बघितलं तर दिशा कळते, पण जवळून गेला की लांबून, ते कळत नाही. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला गेलं की होतं, तसं.

वर्षानुवर्षं आमच्या कॅमेऱ्यात आली ती विमानं, विजा आणि चिकूवर येणारी वटवाघळं. अग्निगोल काही आला नाही. खाऱ्या वाऱ्यानं काचेच्या घुमटावर मीठ धरतं, ते हे रोज संध्याकाळी मऊ फडक्यानं पुसायचे. तीन वर्षांपूर्वी छातीत दुखायचं निमित्त झालं आणि ते गेले. दिवस-कार्य आटोपल्यावर सगळ्यांनी मला सांगितलं, घर बंद करा, मुलाकडे ठाण्याला जा. मी गेले नाही. घुमट पुसायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला मी ते नुसत्या हट्टानं करत होते, नंतर त्या वेळेला हात आपोआप फडक्याकडे जायला लागला.

मागच्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. नुकतीच दिवेलागण झाली होती, समुद्राच्या अंगाला अजून थोडा उजेड होता. मी दोरीवरचे कपडे काढायला गच्चीत गेले होते. एका माणसाचे कपडे ते असून असून किती असणार. पण मी ते सावकाश काढते, एकेक चिमटा डब्यात टाकत, कारण खाली जाऊन काही करायचं नसतं. तेवढ्यात हातातली पांढरी साडी एकदम हिरवट निळी झाली. मान वर केली तर उत्तरेकडून वायव्येला एक गोळा निघाला होता, मागे नारिंगी शेपूट. आवाज अजिबात नाही. समुद्रावर गेल्यावर तो फुटला, त्याच्या दोन-तीन ठिणग्या थोड्या पुढे सरकल्या आणि विझल्या. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळानं लांब कुठेतरी डंपर रिकामा करावा तसा गडगडाट आला, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि आळीतली सगळी कुत्री भुंकायला लागली.

मी खाली आले, घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली, आणि मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. आनंदानं नाही, रागानं. इतकी वर्षं त्या माणसानं डोळे लावून ठेवले होते. "मेल्या, आत्ता सुचलं होय तुला?" असं मी त्या अग्निगोलाला मोठ्यानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. शास्त्रज्ञांच्या गटात एक नवी मुलगी आली होती, पुण्याची. तिची-माझी ओळख नव्हती, तिला आमच्या कॅमेऱ्याचा क्रमांक आणि माझा नंबर एवढंच ठाऊक. "काकू, तुमच्या कॅमेऱ्यात काय सुंदर आलाय म्हणून सांगू! सुरुवातीपासून शेवटपर्यंत." मग तिचा आवाज खाली आला. सगळ्यात जवळचा दुसरा कॅमेरा दुरुस्तीला गेला होता आणि त्याच्या पलीकडच्यावर ढग होते. म्हणजे पाहिला तो फक्त आमच्या गच्चीनं.

"मग आता?" मी विचारलं.

"मग काही नाही काकू. एका केंद्राची नोंद म्हणून ठेवून देऊ."

ठेवून देऊ म्हणे. यांचा चष्मा, यांच्या चपला, यांचा डबल बॅटरीचा टॉर्च, सगळं मी ठेवूनच दिलंय. आता हाही ठेवून द्यायचा? मी तिला विचारलं, दुसरा साक्षीदार मिळाला तर? ती म्हणाली, मिळाला तर फारच छान, पण तो तुमच्यापासून बराच लांब, पूर्वेला किंवा ईशान्येला हवा. ज्या जागेवरून बघितलं तिथेच उभं राहून त्यानं हातानं दाखवायला हवं, किंवा कुणाकडे व्हिडिओ हवा. आणि लवकर हवा, कारण माणसं विसरतात, आणि विसरलेल्या जागी नवीन काहीतरी भरतात. मी म्हटलं, मी बघते. यांच्या कॅमेऱ्यात आलेला एकुलता एक अग्निगोल अर्धवट राहू द्यायचा नाही, त्याची वाट निघाली पाहिजे, तो पडला कुठे ते कळलं पाहिजे. मला एवढी एक गोष्ट तडीस न्यायची होती. दुसरं काही मागणं राहिलेलंच नव्हतं.

आधी किनाऱ्यावरच्या नरपडला गेले. ते लांबही नाही आणि पूर्वेलाही नाही, पण जवळ होतं म्हणून. बायका बोंबील वाळत घालत होत्या. एकीनं बोंबलाचे जबडे एकमेकांत अडकवता अडकवताच सांगितलं, "बाय, आमचे समोरच पडला. त्या होड्या हायेत ना, त्यांच्या जरा पलीकडं." तिच्या शेजारणीचं म्हणणं, पलीकडं कसला, अलीकडंच. दोघींचं चांगलंच जुंपलं. मला ते ओळखीचं होतं. यांनी सांगितलेलं आठवत होतं, की अग्निगोल शंभर कोसांवर विझला तरी बघणाऱ्याला तो आपल्या परसातच पडला असं वाटतं. आभाळात आपल्याला लांबी मोजता येत नाही, म्हणून आपण ती आपल्या सोयीनं धरतो. जाताना त्यांनी मला सुके बोंबील दिले, दोघींनी मिळून, भांडण तसंच ठेवून.

मग पूर्वेला, डोंगराकडच्या सायवनला. जीपनं गेले, हातात होकायंत्र, मोजपट्टी आणि शाळेत वापरायचे तो ओळंबा लावलेला लाकडी कोनमापक. मी तलासरीला शाळेत भूगोल शिकवत होते, त्यामुळे इकडे "बाई" म्हटलं की बसायला पाट मिळतो. पाड्यावर झटकन दहा-पंधरा माणसं जमली. अग्निगोल सगळ्यांनी पाहिला होता. एका म्हाताऱ्यानं मला अंगणात उभं केलं आणि हात लांब करून सांगितलं, "त्या डोंगराचे मागं पडला, बाई. तिकडं दुसरा पाडा हाय, तिकडं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी कोन घेतला, खूश झाले आणि तंगडतोड करत त्या दुसऱ्या पाड्यावर गेले. तिथल्या माणसांनी मला तितक्याच आदरानं उभं केलं आणि बरोबर मी आले होते तो पाडा दाखवला.

मी चक्रावले. मग पाणी घेऊन आलेल्या एका बाईनं हळूच विचारलं, "बाई, किती जागा जायची हाय?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या भागात पट्टी आणि होकायंत्र घेऊन याआधी जी माणसं आली, ती गाडीच्या रुळांसाठी आली होती, नाहीतर रस्त्यासाठी. त्यांनी मोजलं आणि खुणेचे दगड पुरले. त्यामुळे बाईंच्या हातात पट्टी दिसल्याबरोबर सगळ्यांनी ताडलं, की ज्याच्या पाड्यात तारा पडला त्याची जमीन जाणार. अग्निगोल पाहिला सगळ्यांनी, पण पडला तो दर वेळी दुसऱ्याच्या पाड्यात. मी किती सांगितलं की कुणाची वीतभर जागा जाणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं, मला नाचणीची भाकरी वाढली, आणि हात काही बदलला नाही. त्यांच्या जागी मी असते तर समुद्रच दाखवला असता.

परतीच्या जीपमध्ये मला हसू फुटलं. इतकं, की शेजारची बाई सरकून बसली. आणि हसता हसता लक्षात आलं की हे घरी जाऊन कुणाला सांगायचं नाहीये. यांना सांगितलं असतं तर यांनी ताटावरून उठून दोन्ही पाड्यांचे हात करून दाखवले असते. घरी आले, कुलूप काढलं, आणि भाकरी खाल्लेलीच होती म्हणून तशीच झोपले.

महामार्गावरचं, गुजरातच्या हद्दीजवळचं अच्छाड मला उशिरा सुचलं. नाक्याजवळ ट्रकांच्या रांगा असतात, ढाब्यांवर माणसं उघड्यावर बाजेवर बसलेली असतात. त्यांनी नक्की पाहिला असणार. पण ट्रकवाला साक्षीदार म्हणजे वाहतं पाणी, एव्हाना तो कुठल्या कुठे गेलेला. राहता राहिले ढाब्यांवरचे कॅमेरे. उभ्या गाड्यांमधून डिझेल चोरतात, म्हणून ते लावलेले असतात. पहिल्या दोन-तीन ढाब्यांवर मला वेड्यात काढलं. चौथ्याचा मालक गल्ल्यावर बसून वाटाणे सोलत होता. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बेन, आपला कॅमेरा तर खालती बघतो. गाड्यांकडे. ह्यात आकाश क्यां दिसणार?"

"खालचंच दाखवा," मी म्हटलं. मी काही हुशारीनं बोलले नव्हते, पाय दुखत होते आणि मला बसायचं होतं.

त्यानं मोबाइलवर त्या संध्याकाळचं चित्रण काढलं. फरसबंदी अंगण, तीन ट्रक, नळावर हात धुणारा एक माणूस, ढाब्याच्या पाटीचा लोखंडी खांब. एकदम सगळं पांढरं झालं. हात धुणाऱ्यानं मान वर केली. आणि त्या पांढऱ्या अंगणावर खांबाची काळीभोर सावली उमटली, फिरली, लांब लांब होत पूर्वेकडे गेली आणि नाहीशी झाली. मी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. काठीची सावली मोजून सूर्याची उंची आणि दिशा काढायला मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं होतं, आणि पोरांनी जांभया दिल्या होत्या. इथे सूर्याच्या जागी हा होता, एवढाच फरक. खांबानं आभाळाकडे न बघता सगळी साक्ष जमिनीवर लिहून दिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खडू घेऊन गेले. मालक मोबाइलवर चित्र एकेका जागी थांबवायचा, फरशांच्या सांध्यांवरून आम्ही सावलीचं टोक कुठे होतं ते ठरवायचो, आणि मी तिथे खूण करायची. जेवायला उतरलेले ड्रायव्हर गोळा झाले. इथेही कुणीतरी विचारलंच, रस्ता रुंद होतोय का. मालक म्हणाला, "नहीं रे, बेन परछाई नाप रही हैं."

"किसकी?"

"जो गया उसकी."

तो माणूस पट्टीचं दुसरं टोक धरायला बसला. त्या दुपारी मी इतक्या माणसांत होते, आणि कुणी मला ठाण्याला जायला सांगितलं नाही.

मापं पाठवल्यावर पुण्याची मुलगी वेडीच झाली. पुढचे काही आठवडे तिचा रोज संध्याकाळी फोन. खांब ओळंब्यात आहे का, फरशीला उतार किती, उत्तर होकायंत्राची धरली की खरी. मी एकदा उगाचच म्हटलं की उताराचं माप मला परत घ्यावंसं वाटतंय. माप बरोबर होतं. पण दिवेलागणीला फोन वाजतो, याची मला सवय लागायला लागली होती. त्या वेळेला घर फार गप्प असतं. मी चहासुद्धा तिच्या फोनच्या बेतानं टाकायला लागले.

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "काकू, झालं. दोन्ही रेषा जुळल्या." धोंडा मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातून निघाला होता. तलासरीच्या बाजूनं येऊन किनारा ओलांडून तो फुटला. वाऱ्याचा हिशोब धरला तर मुठीएवढे चार-दोन तुकडे खाली पोचले असावेत.

"कुठे?"

"समुद्रात, काकू. किनाऱ्यापासून खूप आत. सॉरी."

"तू कशाला सॉरी म्हणतेस, तू थोडाच टाकलास," मी म्हटलं. पण मला लागलं. मी मनातल्या मनात तो काळा दगड हातात घेऊन, धुऊन नव्हे, नुसता कोरड्या फडक्यानं पुसून, यांच्या फोटोसमोर ठेवून झाले होते. फोटोला हार घालायला मला कधी आवडलं नाही, हे मात्र मी आनंदानं केलं असतं. असो. वाट निघाली होती, पडल्याची जागा कळली होती, काम तडीस गेलं होतं. आणि काम संपलं म्हटल्यावर फोनही संपले. त्यात तिची काही चूक नाही. एवढी शिकलेली मुलगी, ती डहाणूच्या म्हातारीला रोज कशाला फोन करेल.

त्यानंतर एकदाच आला, तो भर दुपारी. "काकू, तुमच्या कॅमेऱ्याला माइक पण आहे? आमच्या कुठल्याच केंद्रावर नाही! आत्ता अहवाल लिहिताना मला ती फाइल दिसली." मला नवल वाटलं नाही. यांनीच कुठूनतरी पैदा करून जोडला असणार, वायरी जोडायला त्यांना निमित्तच लागायचं. ती उत्साहानं सांगत होती, की उजेडानंतर गडगडाट पोचायला किती वेळ लागला त्यावरून उंची पुन्हा ताडून बघता आली, आणि ती सावलीच्या गणिताशी तंतोतंत जुळली.

"आणि काकू, निवेदनात तुम्ही एकटीच होते असं लिहिलंत, पण तुमच्याबरोबर काका पण होते ना गच्चीवर? तुम्ही त्यांच्याशी बोलताय. त्यांचंही निवेदन घेऊ या की. इतके दिवस आपण दुसरा साक्षीदार शोधतोय!"

मी म्हटलं, मला तो आवाज पाठव, ऐकते आणि सांगते.

स्वयंपाकघरात उभ्यानंच ऐकला. आधी कावळे, मग डब्यात पडणारे चिमटे. आणि मग मी. "अहो! अहो, लवकर वर या! आला बघा तुमचा!" माझाच आवाज, पण मी तो तीन वर्षांत ऐकला नव्हता. मग काहीच नाही, नुसते रातकिडे. थोड्या वेळानं पुन्हा, हळू, "अहो?" आणि नंतर कितीतरी वेळ तेच रातकिडे, गडगडाट येईपर्यंत. मी सायवनच्या माणसांना खोदून खोदून विचारत फिरले होते, आणि स्वतःच्या निवेदनात लिहिलं होतं, निरीक्षक एकटी, काही बोलली नाही.

मी फोन लावला. "काकांचं निवेदन मिळणार नाही," मी म्हटलं. "ते तीन वर्षांपूर्वी गेले. गच्चीत मी एकटीच होते."

ती म्हणाली, "काकू, मला खरंच माहीत नव्हतं. तुम्हाला नको असेल तर... पण एक अडचण आहे. त्या माइकचं घड्याळ वेगळं चालतं. उजेड कधी पडला, ते त्यात कशावरूनच कळत नाही. म्हणून मी तुम्ही हाक मारलीत तोच क्षण धरला. गडगडाटाची वेळ तुमच्या हाकेपासून मोजली आहे. ती काढली तर काहीच मोजता येणार नाही."

"मग राहू दे," मी म्हटलं.